शून्य क्रमांकाचा नळ

लातूरकडच्या एका गावी दुष्काळात नळांना पाणी सोडण्याचे काम यंत्राकडे होते. ते शून्य क्रमांकापासून मोजू लागे आणि एक नळ उरलेला असतानाच थांबे. बौद्धवाड्यातील सरजाबाईंचा शेवटचा नळ त्यामुळे नित्य कोरडा राही. “यंत्राला कुठं जात कळती, बाई?” सरपंच हणमंतराव हसत. अखेर दुरुस्तीला सरजाबाईंचीच अभियंता कन्या पंचशीला आली. तिने मोजणी शेवटच्या नळापर्यंत नेली. आरंभ मात्र शून्याऐवजी एकापासून केला. आईच्या हंड्यात पाणी पडले आणि शून्य क्रमांकाचा हणमंतरावांचा नळ आटला. लवकरच ते सरजाबाईंच्या अंगणात आले. “पोरी, आमचा नळ तेवढा सोड.” “सोडते की, पाटील. आधी पाणी घ्या.” तिने तांब्या उंच धरला. “ओंजळ करा. आमच्या आज्याला तुमच्या दारात असंच वरून वतायचे.” हणमंतराव वाकले, प्याले. मगच तिने मोजणी शून्यापासून मांडली.