शेजारच्यांची दुखणी

नेब्रास्कातल्या आमच्या वीस गावांच्या शाळांनी कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा एकत्र काढावा का, यावर सभा होती. मी तावातावाने उठलो. "अहो, शेजारच्या गावातले निम्मे शिक्षक म्हातारे, उरलेले तळलेलं खाऊन फुगलेले! त्यांच्या दुखण्यांचा खर्च आम्ही का उचलायचा? आमचे लोक बघा, कसे ठणठणीत!" टाळ्या पडल्या. मला आणखीच चेव आला.

तेवढ्यात त्या गावच्या शाळेत स्वयंपाक करणारी जोलीन उभी राहिली. "सर, तुमच्या बसवाल्या डेल्बर्टचं डायलिसिस चालू आहे ना? त्यापायी तुम्हा चाळीस जणांचा विम्याचा हप्ता वाढला, म्हणून बिचारा नोकरी सोडायला निघालाय. आपण सगळे मिळून नऊशे होतो. कुणाला जाणवणारसुद्धा नाही. आम्ही त्याच्यासाठीच आलोय."

डेल्बर्ट माझ्या शेजारच्याच खुर्चीत मान खाली घालून बसला होता. तो नोकरी सोडतोय, हे मला तेव्हा कळलं. मी खाली बसलो. मतदानाला पहिला हात माझा वर गेला.

गेली बावीस वर्षं मी आमच्या शाळेत मुलांना भागाकार शिकवतोय.