एक जेट कमी

"नीट मोजून घ्या, मास्तर," मिस्त्री म्हणाले. "कार्बोरेटर खोलायला काय, कुणीही खोलतं. बसवताना घाम फुटतो."

मास्तर म्हणजे मिस्त्रींच्या लेकीने पसंत केलेला मुलगा. शाळेत गणित शिकवायचा. घरामागच्या गॅरेजात, त्याच्याहून वयाने मोठ्या असलेल्या निळ्या गाडीशेजारी तो बाह्या दुमडून बसला होता. समोर पेट्रोलचा ट्रे. एकेक भाग निघाला की तो आधी वहीत लिहून घ्यायचा, त्यावर नंबर कोरलेला असला तर तोही, आणि मगच ट्रेमध्ये सोडायचा.

मिस्त्रींना हसू आवरेना. उभा जन्म गाड्यांखाली गेला, पण वही घेऊन कार्बोरेटर खोलणारा माणूस पहिल्यांदाच बघत होते. खोटं कशाला बोला, मुलगा त्यांना आवडला होता. लेकीसाठी तर फारच आवडला होता. हात थरथरायला लागल्यापासून बारीक कामं त्यांनी सोडली होती आणि ही गाडी दोन वर्षं मुकी उभी होती, हे खरं. पण आज मास्तरला बोलावलं होतं ते काही गाडीसाठी नव्हे.

माणूस पारखायची मिस्त्रींची एक रीत होती. वर्कशॉपमध्ये नवा माणूस आला की भंगारातला एखादा कार्बोरेटर 'गिऱ्हाइकाचा आहे, सांभाळून' म्हणत त्याच्यापुढे ठेवायचा आणि गुपचूप एक भाग आपल्या खिशात घालायचा. काम झालं की विचारायचं, "सगळं बसलं?" जो म्हणेल, एक भाग सापडत नाही, तो राहिला. जो म्हणेल 'बसलं', त्याला तिथल्या तिथे नारळ. खोटारड्याच्या हातात लोकांच्या गाड्यांचे ब्रेक कसे द्यायचे? चाळीस वर्षांत नऊ जणांना त्यांनी असं घरी पाठवलं होतं आणि त्यांची झोप कधी उडाली नव्हती.

मास्तर झाकण घासायला पाठमोरा झाला. मिस्त्रींनी ट्रेमधून मेन जेट उचलला. पितळेचा, शर्टाच्या बटणाएवढा. तो नसला की पेट्रोल भसाभस आत येणार आणि गाडी काळा धूर ओकून गप्प होणार.

मास्तरने भाग पुसून कापडावर मांडले. मोजले. वही बघितली, पुन्हा मोजले. ट्रे तिरका करून बघितला, चटई उचलली, बाह्यांच्या घड्यासुद्धा उलगडून झटकल्या. मग त्याची नजर मिस्त्रींच्या थरथरत्या हातांकडे गेली.

बोल बाबा, आता बोल, मिस्त्री मनात म्हणाले.

"काका, जरा एक फोन करून येतो," मास्तर उठला.

तो गेला तो अर्धा तास आलाच नाही. लेक चहा घेऊन आली. "हा कुठे गेला?"

"फोन करायला."

"तुम्ही काही बोललात त्याला?"

"मी कशाला बोलू?"

"मग चेहरा असा का पाडलाय?" ती म्हणाली. "बाबा, माझं ठरलंय हं. पण तुमच्या मनात नसेल तर मला गोड लागणार नाही."

मिस्त्रींनी चहाचा कप तोंडाला लावला.

मास्तर घामाघूम होऊन परतला आणि खाली मान घालून कामाला लागला. फ्लोट, सुई, नवं पॅकिंग, झाकण. एकेक भाग बसला की वहीत खूण. कार्बोरेटर इंजिनावर चढवून त्याने शेवटचा नट आवळला.

"सगळं बसलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"बसलं, काका."

"काही कमी होतं का?"

मास्तरने नजर चुकवली. "नाही."

एवढा चांगला मुलगा, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं. लेकीला काय सांगायचं? कोणत्या तोंडाने सांगायचं? मिस्त्री शब्द जुळवत होते, तेवढ्यात लेक गाडीत बसलीसुद्धा.

"थांब गं," ते म्हणेपर्यंत तिने किल्ली फिरवली.

गाडी दोनदा खोकली. मिस्त्री धुराची वाट बघत उभे राहिले. तिसऱ्यांदा इंजिनाने सूर धरला, आणि काय सूर! लेकीने ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. कुठे अडखळणं नाही की धुराची रेघ नाही. मिस्त्रींनी खिसा चाचपला. जेट खिशातच होता.

"मास्तर, आत काय बसवलंत?"

मास्तर कानापर्यंत लाल झाला. "जेट सापडत नव्हता, काका. वहीत नंबर होता. मागच्या गल्लीतल्या दुकानातून नवा आणला."

"मग सांगायचं नाही?"

"वाटलं, तुमच्या हातून पडला असेल. हातांचं तुम्हाला आधीच वाईट वाटतं. त्यात मी आणखी कशाला बोलू?"

मिस्त्रींना भरून आलं. त्यांनी मास्तरच्या पाठीवर थाप मारली. लेकीला म्हणाले, "तुझी निवड माझ्यापेक्षा बरी आहे गं." लेक तशीच गाडीत बसून डोळे पुसत हसली. मग आनंदाच्या भरात त्यांनी खिशातला जेट काढून दाखवला आणि आपली सगळी रीत रंगवून सांगितली. नऊ जणांची गोष्टही सांगितली.

मास्तरने लक्ष देऊन ऐकलं. मग वर्गात एखादी पायरी राहून गेल्यावर विचारावं तसं सहज विचारलं, "त्या नऊ जणांनी बसवलेल्या कार्बोरेटरमध्ये तो भाग नव्हताच ना, काका?"

मिस्त्री 'नव्हताच' म्हणणार, तेवढ्यात त्यांना आठवलं. नऊच्या नऊ कार्बोरेटर त्यांनी न उघडताच भंगारात फेकले होते.