कायद्याने शुद्ध

फाउंड्रीच्या धुराने भरलेल्या आवारात, मालकांनी दिलेली सत्काराची शाल सावरत आमदार दौलतराव भाषणाला उभे राहिले आणि खोकत खाली कोसळले. सरकारी दवाखान्यातली नर्स कुंदा जवळ आली.

"सिस्टर, माझ्या श्वासनळीतली जाळी बंद पडलीय!"

"बंद नाही पडली. हवा कायद्याच्या मर्यादेबाहेर गेली, तरच सरकारने सगळ्यांना बसवलेली ही जाळी धूर गाळते. गेल्या महिन्यात विधानसभेत तुम्हीच हात वर करून ती मर्यादा उडवलीत. आता जाळीच्या लेखी ही हवा शुद्ध आहे."

"मग ऑक्सिजन लावा ना!"

"शुद्ध हवेत ऑक्सिजन द्यायला बंदी आहे, साहेब. तेही त्याच कायद्यात आहे. वाचला नव्हता?"

दौलतरावांनी तिचा हात घट्ट धरला. कुंदाने तो सोडवला.

"माझ्या आईलाही मी शेवटपर्यंत हेच सांगत होते," ती म्हणाली आणि तिने शाल त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली.