साठ पावलं

तीन किलोमीटरपलीकडे राहणाऱ्या पोरांनाच शाळेची बस फुकट, आणि नेव्हिलआजोबांचं घर नेमकं साठ पावलं अलीकडे! बस खात्याचा साहेब दोनदा मोजून गेला. "नियम म्हणजे नियम," म्हणाला. हद्दीपलीकडच्या शेजारी डूलनची कार्टी रोज बसमधून जीभ काढून दाखवायची आणि नात बॉनी उन्हात पाय ओढत शाळेला जायची.

आजोबा पेटलेच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधलं, खांबांवर उभं लाकडी घर ते. खांबांवरून उचललं, ट्रकवर ठेवलं, की निघालं! शनिवारी अख्खं गाव शिट्ट्या मारायला जमलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बॉनी राणीसारखी हात हलवत होती. घर चांगलं सत्तर पावलं मागे सरकलं. साहेबाने पुन्हा मोजलं, कपाळावर हात मारला आणि मुकाट्याने पास दिला.

सोमवारी बस दारात थांबली. बॉनीने ऐटीत पायरीवर पाय ठेवला आणि गर्रकन वळली.

"आजोबा, घर हलवायचंच होतं, तर शाळेकडे का नाही हो नेलंत? आपलं कुरण तर थेट शाळेच्या कुंपणापर्यंत आहे."

आजोबांनी टोपी डोळ्यांवर ओढली. "तू आधी आत चढ बघू!"