आठ दिवसांचा गोवर

दुसरीच्या वर्गाच्या दारात मोघेबाईंनी चिठ्ठी वाचली. ‘चि. ईशानीला गोवर झाल्यामुळे ती आठ दिवस शाळेत येऊ शकली नाही.’

चिठ्ठी घेऊन आलेल्या बाबांच्या नाकाची सालं निघाली होती आणि ईशानीच्या नव्या टोपीवर ‘गोवा’ असं ठसठशीत लिहिलं होतं. बाईंच्या मते चूक फक्त शुद्धलेखनाची होती.

“किती सोसलंत हो!” बाई कळवळून म्हणाल्या. “पण आता काळजी सोडा. गोवर एकदा झाला, की जन्मात पुन्हा होत नाही.”

बाबांनी घाईघाईने मान डोलावली. घरून नीट पढवून आणलेल्या ईशानीने मात्र भोकाड पसरलं.

“बाबा, आपण तर दर वर्षी गोवरला जाणार होतो ना!”