सहाशेला थोडं कमी

कोल्हापूरच्या नेमबाजी स्पर्धेत बाद ठरलेल्या प्रीतीनं जोयाच्या टेबलावर कागद आपटला. “मॅडम, साठ गोळ्यांच्या गुणांची बेरीज हातानं चारदा केलिया. सहाशेच येत्यात की! सहाशेला पात्र, मग तुमचा कॉम्प्युटर मला बाद कसा करतोय?”

प्रोग्रॅम जोयाचा नव्हता, ती फक्त दुरुस्तीला आलेली. दिवसभर डोकं शिणवल्यावर तिला चूक सापडली. १०.३, ९.७ अशा दशांशातल्या गुणांची बेरीज करताना मशीन कणभर कमी धरत होतं, सहाशेचं ५९९.९९९९९९९ करत होतं. तिनं ते सुधारलं आणि चिडूनच मागच्या सगळ्या वर्षांचे निकाल पुन्हा तपासले.

अशी बाद झालेली आणखी एकच मुलगी निघाली, बारा वर्षांपूर्वीची.

ती स्वतः. तेव्हा तिनं बेरीज करून बघितलीच नव्हती. मुकाट्यानं रायफल सोडली होती.