आबांची कटकट

शिंदखेड्याला भरदुपारी हळदीचा नाच ऐन रंगात आला होता. डीजेवाला रमीज लॅपटॉपवर गाणी बदलत होता, तोच स्पीकरमधून म्हातारा आवाज आला, "आवाज कमी कर रे भाऊ."

माईक बंद होता. रमीजने त्याची वायरही काढली.

पुढच्या गाण्यात पुन्हा तेच. नवरदेवाची आजी यशोदाबाई आवाज ओळखून शांतपणे म्हणाली, "आबा शेतस, आमना म्हातारा. जित्ता व्हतात तवय बी अशीच कटकट करेत. तू वाजाड."

पाहुणे हसत नाचू लागले. रमीज मात्र लॅपटॉप सोडून मागे धावला. त्याने जनरेटरच बंद केला. सगळं गप्प झालं.

बंद स्पीकर म्हणाला, "आते बरं वाटनं. बठ रमीज, पानी पी."